मुलं केवढी आहेत?

आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत. वसईजवळच्या नंदाखाल गावातल्या वाडीत, केळी आणि नारळींच्या मधोमध. मुंबई-ठाण्याची माणसं शनिवारी येतात, एक रात्र राहतात, सकाळी कळंबच्या समुद्रावर जाऊन येतात, दुपारी माझ्या हातचं जेवतात आणि जाताना दोन नारळ मागून नेतात. मुलगी लग्न होऊन गेली, घर रिकामं वाटायला लागलं, तेव्हा हे सुरू केलं. आता त्यालाही बरीच वर्षं झाली. फोनवरच्या आवाजावरून माणूस कसा आहे ते मला कळतं, असं मी म्हणते. आमचे हे म्हणतात, "तुला वाटतं."

फोन आला की माझे प्रश्न ठरलेले. माणसं किती? मुलं आहेत का? आणि मुलं केवढी आहेत?

उत्तर सात-आठ वर्षांच्या वरचं आलं तर ठीक. खालचं आलं की मी म्हणायची, "अरेरे, त्या दिवशी तर भरलंय हो." आवाजात थोडी हळहळ घालायची. समोरचे बिचारे "बरं बरं, पुढच्या वेळी" म्हणून फोन ठेवायचे. खोल्या रिकाम्याच असायच्या.

हे का करायची ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीला पोरांचा तिटकारा. तसं नाही. खोल्यांच्या मागच्या दारापासून वीसएक पावलांवर आमचं बावखल आहे. वसईबाहेरच्यांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. विहिरीपेक्षा मोठं, तलावापेक्षा लहान, आणि कठडा नसलेलं. पूर्वी वाडीवाडीत असायचं, त्याच्याच पाण्यावर केळी वाढायच्या. आता पुष्कळांनी बुजवून वर इमारती उभ्या केल्या. आमचं राहिलं. काठावरून दगडी पायऱ्या उतरतात, आणि पाण्यावर बारीक हिरवी पानं अशी दाट पसरतात की लहान मुलाला ती जमीनच वाटावी.

एका वर्षी असंच एक कुटुंब आलं होतं. मुलगा असेल अडीच-तीन वर्षांचा. बाप आंघोळीला गेलेला, आई नारळींचे फोटो काढत होती. मी केळीची पानं कापून येत होते. बघते तर पोरगं दुडूदुडू चालत पायऱ्यांपाशी पोचलेलं, आणि शांतपणे त्या हिरव्यावर पाय टाकायला निघालेलं. मी पानं फेकली आणि त्याच्या शर्टाला धरून मागे ओढलं. एक चप्पल पाण्यात गेली. आईने वळून बघितलं तेव्हा पोरगं माझ्या कडेवर होतं. "आजींना चिकटला बघा," म्हणाली. मी हसले. काही बोलले नाही. ती जाईपर्यंत चप्पल शोधत होती, तेव्हाही मी बोलले नाही.

त्या दिवसापासून लहान मुलं बंद. आमचे हे म्हणाले, "अगं, कुंपण घालू या की." मी म्हटलं, "आणि फोटोचं काय?" कारण आमच्या खोल्यांच्या जाहिरातीत पहिला फोटो त्याच बावखलाचा आहे. पाण्यात नारळी उलट्या दिसतात, संध्याकाळचं ऊन पडलेलं. माणसं तो फोटो बघूनच फोन करतात. म्हणजे बावखल मला फोटोत हवं होतं, लहान मुलं नको होती, आणि खरं कारणही सांगायचं नव्हतं. एकदा खरं सांगितलं की कुणीतरी चार लोकांत बोलणार, "तिथे नका जाऊ, तिथे पाणी आहे."

चर्चमध्ये फादरांपुढे पापांची कबुली द्यायला जाते तेव्हा मी शेजारणीवर चिडल्याचं सांगते, उपवास मोडल्याचं सांगते. हे कधी सांगितलं नाही. मला ते पाप वाटलंच नव्हतं. मुलांच्या भल्यासाठीच तर खोटं बोलत होते.

तर आता गोष्ट मागच्या मे महिन्याची.

माझी मुलगी नायगावला राहते, नव्या टॉवरमध्ये, बाराव्या मजल्यावर. ती आणि जावई दोघं नोकरीला. मोठी नात तेव्हा सातवं पूर्ण करणार होती, नातू तीन वर्षांचा. नातीच्या वाढदिवसाला दरवर्षी सोसायटीच्या हॉलमध्ये पार्टी असते. फुगे, केक, सगळ्या मजल्यांवरची पोरं. या वर्षी आईबापांनी तिला विचारलं, पार्टी पाहिजे की वाघ? दोन्ही जमणार नाही. पोरीने दोन दिवस विचार केला, असं मला सांगतात, आणि म्हणाली, वाघ. मग तिने सगळ्या मैत्रिणींना आपणहून जाऊन सांगितलं की मी केक कापणार नाही, मी ताडोबाला जाणार आहे. एवढ्याशा पोरीने सात मजले चढून-उतरून सांगितलं. त्यामुळे आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

जावयाने दोन सकाळच्या सफारी मिळवल्या. दुसरी नेमकी वाढदिवसाची. ते पैसे भरून झाले, परत मिळणार नव्हते. राहायची जागा मात्र ठरेना.

रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून सगळे आमच्याकडे आले. आमच्याकडे ही पोरं आली की मागच्या दाराला वरची कडी, आणि माझा एक डोळा तिकडे, हे ठरलेलं. मी सोड्याच्या, म्हणजे सुक्या कोळंबीच्या, कालवणाला फोडणी देत होते आणि मुलगी स्वयंपाकघरात पाटावर बसून फोनवर खोल्या बघत होती.

"आई, तू पण चल ना," ती म्हणाली.

"लहान्याला उघड्या जिप्सीत नेणार नाहीस, म्हणून मी चल," मी म्हटलं. "सरळ सांग की."

"म्हणजे, तसं नाही..."

बाहेरून आमचे हे ओरडले, "तसंच आहे! तुझी आई वाघ बघायला नाही, नातू राखायला चालली आहे!"

"जाईन," मी म्हटलं. "नागपूरच्या पलीकडचं मी काही बघितलेलं नाही. अलीकडचं तरी कुठे बघितलंय म्हणा."

मग आम्ही दोघी खोल्या बघायला लागलो. इथे मात्र मी शिकलेली. सातवीनंतर शाळा सुटली, पण खोलीचा फोटो वाचायला मला कुणी शिकवायला नको. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला असेल तर समजा न्हाणीघर दाखवण्यासारखं नाही. सगळे फोटो दिवेलागणीचे असतील तर दिवसा आजूबाजूला उजाड आहे. 'जंगलाला लागून' असं लिहिलं असेल तर विचारायचं, जंगलाला की गेटला? कारण जंगल मोठं असतं आणि गेट एकच.

"ही बघ, स्विमिंग पूल आहे," मुलगी म्हणाली. "पण एका रात्रीचे पैसे बघ."

"पूल तर नकोच. पुढची."

"ही परवडते. पण गेटपासून तासाभरावर."

"म्हणजे पोरीला तीन वाजता उठवणार. मग जिप्सीत झोपेल ती. वाघाने येऊन उठवायचं का तिला?"

नात दारात उभी राहून ऐकत होती. "मी नाही झोपणार," म्हणाली.

मी मुलीला सांगत होते की काय काय विचार. न्हाणीघराची कडी किती उंचीवर आहे, कारण माझ्याकडे एकदा एका पोरीने स्वतःला आत कोंडून घेतलं होतं आणि तिच्या बापाला खिडकीतून आत घालावं लागलं. वीज गेली तर पाणी येतं का. खिडकीला गज आहेत का. दूध तापवायला चूल मिळेल का. मुलगी म्हणाली, "आई, तू हॉटेल तपासणारी साहेबीण व्हायला पाहिजे होतीस."

शेवटी एक घर सापडलं. गेटच्या गावातच. एका बाईच्या घराच्या बाजूला दोन खोल्या, शेणाने सारवलेलं अंगण, जेवण घरचं. टॉवेलचा हंस नाही. एका फोटोत चक्क वाळत घातलेलं लुगडं आलेलं. मला ते घर लगेच पटलं. जी बाई फोटो काढताना लुगडं काढत नाही ती फार लपवणारी नसणार, असं मनात आलं. बघा, आवाज आणि फोटो वाचणारी मी!

मुलीने फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"बोला न जी," पलीकडून आवाज आला. मागे कोंबड्या.

मुलीने जेवणाचं विचारलं, पाण्याचं विचारलं. बाई मोकळी बोलत होती. "गेट पाच मिनिटावर हाये. पहाटे चाय मी देतो करून. कोंबडी पाह्यजे असंन तं आदल्या दिवशी सांगा." मुलगी माझ्याकडे बघून हसली. मग बाईने विचारलं, "लेकरं हायेत का संगं?"

"हो, दोन."

"केवढी हायेत?"

"मोठी सात पूर्ण करेल. लहाना तीनचा."

पलीकडे एक कोंबडी तेवढी कोकलत राहिली.

"अरे माय," बाई म्हणाली. "त्या दिवशी तं भरलं हाये जी."

अगदी माझाच सूर. तीच हळहळ, तेवढीच. माझ्या हातातला डाव कालवणात तसाच राहिला.

मुलीने फोन ठेवला. नातीने विचारलं, "मग आपण नाही जायचं?" तिची आई म्हणाली, "बघू गं, दुसरं बघू." नात वही घेऊन बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली. रडली असती तर बरं झालं असतं, मला ते सांभाळता येतं.

"भरलंय म्हणे," मुलगी म्हणाली. "खोटं बोलते बघ. तुझीच बहीण दिसते."

तिला माहीत होतं की मी लहान मुलं घेत नाही. तिला वाटायचं भिंतींवर रेघोट्या ओढतात म्हणून.

"खोटंच बोलते," मी म्हटलं. "तू तारीख कुठे सांगितलीस?"

खरंच, तारीख निघालीच नव्हती. तारखेच्या आधीच बाईचं घर भरलं होतं. आणि मग मला कळलं की मीसुद्धा तसंच करत आले आहे. वय ऐकल्याबरोबर 'त्या दिवशी भरलंय', आणि दिवस कोणता ते विचारलेलंच नसायचं. इतक्या वर्षांत कितीजणांनी ते ओळखलं असेल आणि गुपचूप फोन ठेवला असेल, कोण जाणे.

दुपारी सगळे लवंडल्यावर मी माझा फोन घेऊन बावखलाच्या पायरीवर जाऊन बसले आणि त्याच बाईला लावला.

"मघाशी वसईहून फोन आला होता ना, दोन लेकरांचा? मी त्यांची आजी."

"सांगतलं न काकू, त्या दिवशी भरलं हाये."

"कोणत्या दिवशी?"

तिचं उत्तर यायच्या आत मीच पुढे बोलले.

"बाई, रागावू नका. भांडायला नाही फोन केला. माझ्याही दोन खोल्या आहेत इथे. बारकी पोरं असली की मीही असंच सांगते, ह्याच शब्दांत. माझ्या मागच्या दाराला उघडं पाणी आहे, म्हणून. तुमच्याकडे काय आहे?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"बिबट," ती म्हणाली.

मग मात्र तिने सगळं सांगितलं, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती. खोलीला लागून संडास नाही. अंगण ओलांडून पंधरा पावलं जावं लागतं. मध्ये गुरांच्या पाण्याचं टाकं. उन्हाळ्यात जंगलातलं पाणी आटलं की बिबट्या कधीतरी त्या टाक्यावर येतो. "मोठ्या माणसाले काही करत नाही जी. खाकरलं का जाते. पण बसलेला माणूस, अन् लेकरू... थो उंची पाहाते काकू."

"मग जाहिरातीत लिहीत का नाही?"

"लिहिलं तं अर्धे येनार नाही. अन् बाकीचे अर्धे बॅटऱ्या घेऊन रातभर बाहेर बसतीन."

मला हसू आलं. तीही हसली. समोर माझं पाणी हिरवंगार, शांत पसरलेलं होतं.

"तुमच्या अटी सांगा," मी म्हटलं. "मी पाळीन."

अटी तीन होत्या. दिवस मावळायच्या आत लेकरं खोलीत. अंगणात कुणी उकिडवं बसायचं नाही, भांडी घासायलासुद्धा नाही. आणि रात्री संडासला लेकरांनी बाहेर पडायचं नाही. "थ्याचं काय करान ते तुमी पाहा," ती म्हणाली.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी मुलीला आणि जावयाला जसंच्या तसं सांगितलं. जावई कपात बघत राहिले. "आई, बिबट्या म्हणजे..." एवढंच म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. लेकरांचा बाप दुसरं काय म्हणणार?

मीही तेव्हा पुष्कळ विचार केला. त्या दूरच्या, परवडणाऱ्या, टॉवेलच्या हंसाच्या खोलीमागे काय आहे ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे विहीर असेल, साप असतील, उघडी वायर असेल. या बाईने पैसे सोडले, पण लेकरं घेतली नाहीत, आणि विचारल्यावर पावलं मोजून सांगितलं. मी मुलीला म्हटलं, "जिला भीती वाटते तिच्याकडे मी पोरं नेईन. जिला काहीच वाटत नाही तिच्याकडे नाही नेणार."

मुलगी एकदम म्हणाली, "म्हणजे तू बावखलामुळे मुलं घेत नाहीस?"

"हो."

"आई, मी तर त्यातच पोहायला शिकले."

"तुला ठाऊक होतं ते पाणी आहे म्हणून."

जावयाने कप खाली ठेवला. "आई, संध्याकाळी दाराशी तुम्ही बसणार?"

"मीच बसणार."

नातीने ओट्यावरून विचारलं, "मग जायचं?"

जाताना सामानात एक हिरवा प्लास्टिकचा पॉट होता, झाकणाचा. लहान्याचाच, पण मोठीलाही बसता येईल असा. मी तो चादरीत गुंडाळला तरी त्याचा आकार लपेना. आमचे हे मला गाडीत बसवताना म्हणाले, "हा बघूनच बिबट्या पळेल." त्याच पिशवीत, पण वेगळ्या कप्प्यात हो, बाईसाठी सुकेळी घेतली होती. आमच्याकडे राजेळी केळी उन्हात सुकवून केळीच्याच सोपात बांधतात, ती. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं नाही, पैसे देऊन राहणार असलो तरी.

नागपूरला उतरून भाड्याच्या गाडीने पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. आम्ही वसईची माणसं, उन्हाळा म्हणजे घाम एवढंच आम्हाला माहीत. तिथे घाम येतच नाही, हवाच तो पिऊन टाकते. घर फोटोतल्यासारखंच निघालं. बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, काटक. तिने आधी लेकरांकडे बघितलं, मग मला विचारलं, "आनलं?" मी पिशवीतून हिरवा पॉट काढून दाखवला. ती तोंडाला पदर लावून हसली.

संध्याकाळ सोपी नव्हती. दिवसभर तापलेली खोली, आणि बरोबर थंड व्हायला लागायच्या वेळी दार बंद. बाहेर गोठ्यात वासरू. लहान्याला वासराकडे जायचं होतं. तो दार धरून रडला, मला बोचकारलं, "आजी वाईट" म्हणाला. मी दाराला पाठ लावून, पाय पसरून बसले. "आजी वाईट तर वाईट," म्हटलं, "पण आजी हलणार नाही." मग त्याला बदकांची एक गोष्ट सांगितली. संपली की पुन्हा सांगितली. चौथ्या वेळी झोपला.

पहिल्या सकाळी तिघं सफारीला गेली. वाघ दिसला नाही. हरणं, गवे, मोर, सगळं दिसलं, पण नात परत आली ती ओठ आवळूनच. "उद्या दिसेल," तिचा बाप म्हणाला. "उद्या नाही दिसला तर?" ती म्हणाली. नायगावच्या सात मजल्यांना काय सांगायचं, हे तिच्या चेहऱ्यावर मला सरळ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी, वाढदिवसाच्या पहाटे, जिप्सी यायच्या जरा आधी बाईने दार वाजवलं. नुकतं फटफटत होतं. तिने आधी जावयाला बाहेर घेतलं, मग नातीचा हात धरला.

"पिल्लू, ये इकडं. पाय सांभाळून."

टाक्यातून पाणी सांडून कडेला चिखल झाला होता. चिखलात ताजे पंजे उमटले होते. चार बोटं आणि मागे गादी, नखांची खूण नाही. माझ्या तळहाताएवढा एकेक.

नात वाकायला लागली तशी बाईने तिला खांद्याला धरून सरळ केलं. "उभ्यानंच पाहाचं."

"वाघ?"

"बिबट."

"रात्री आला होता?"

"पानी प्याला अन् गेला."

नात त्या पंजाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला आला होता. आणि आपण सगळे झोपलो होतो!" तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कुठल्याच केकपुढे बघितलं नव्हतं.

त्याच दिवशी तिला वाघही दिसला. लांबून, बांबूच्या आड, पाठ आणि शेपूट. तिने येऊन सांगितलं खरं, पण नायगावला जाऊन सगळ्या मजल्यांवर सांगितलं ते पंजाचंच.

मी मात्र, जिप्सी गेल्यावर, आमच्या दारापासून त्या चिखलापर्यंत पावलं मोजली. आठ. पहिल्या संध्याकाळी ज्या दारावर लहाना थापा मारत होता, त्या दारापासून आठ. मी ओसरीवर येऊन बसले.

बाई तेंदूची पानं घेऊन बसली होती. त्या दिवसांत तिकडे घरोघरी बिडीसाठी ही पानं मोजून गड्ड्या बांधतात. लहाना तिच्या शेजारी पानांशी खेळत सुकेळं चघळत होता. मीही दोन गड्ड्या बांधून बघितल्या, तिने त्या सोडून परत बांधल्या. मग कसं काय कोण जाणे, मी तिला त्या अडीच वर्षांच्या पोराचं सांगितलं. हिरव्यावर टाकलेला पाय, हातात आलेला शर्ट, त्याची आई, सगळं. हे मी मुलीलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. आमच्या ह्यांनाही नुसतं "पोरगं पाण्याजवळ गेलं होतं" एवढंच.

बाईचे हात चालूच होते. "थ्या मायले सांगा लागत होतं," ती म्हणाली.

"हो."

"तिले वाटत असंन, माहं लेकरू बरोबर खेळलं तिथं. दुसऱ्या जागी पन तसंच सोडंन."

हे मला कधी सुचलं नव्हतं. मी माझ्या खोल्यांपुरतं बघितलं होतं. ती आई पुढे किती पाण्यांच्या काठी पोराला तसंच सोडून फोटो काढत बसली असेल, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"चप्पल भेटली?" बाईने विचारलं.

"उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा. निळी. बोटभर पट्ट्याची."

"फेकली?"

"नाही. ठेवली आहे."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "मी पन आता सांगतो काकू, फोनवर. तुमी आले तसे येनारे येतीन."

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, कुंपण घालू या. ते म्हणाले, "इतकी वर्षं काय म्हणत होतो?" मग बांबू आणून दोघांनी मिळून आठवडाभर ते काम केलं. कमरेएवढं कुंपण, पायऱ्यांपाशी एक फाटक, फाटकाला वर कडी. फोटो नवा काढला. त्यात नारळी अजून उलट्या दिसतात, फक्त पुढे बांबू येतात. पहिल्यासारखा देखणा नाही. खोटं कशाला बोलू, फोन थोडे कमी झाले.

आणि फोनवर मी आता खरं सांगते. "खोली आहे, पण मागे पाणी आहे. कुंपण आहे, तरी पाणी आहे." काहीजण लगेच ठेवतात. काहीजण म्हणतात, "आजी, तुम्ही धंदा कसा करता?" फादरांनाही सांगून झालं. त्यांनी एवढंच विचारलं की कुंपण कधी घातलं.

गणपतीच्या सुट्टीत एक फोन आला. बाईमाणूस, ठाण्याची.

"मुलं केवढी आहेत?" मी विचारलं.

"एक चार, एक दीड."

मी तिला पाण्याचं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुंपण किती उंच आहे?"

"माझ्या कमरेएवढं."

"फाटकाची कडी?"

"वर. पण दिवसा आम्ही पाणी काढायला जातो, तेव्हा उघडं असतं. म्हणजे लक्ष तुम्हालाच ठेवावं लागेल. मी ठेवीनच, पण तुम्हालाही."

पलीकडे ती कुणाशी तरी बोलली, बहुतेक नवऱ्याशी. मग म्हणाली, "येतो आम्ही."

ती आली तेव्हा मी खोलीची किल्ली हातातच ठेवली. आधी तिला मागे नेलं आणि पाणी दाखवलं. दीड वर्षाचं तिच्या कडेवर होतं. फाटकाच्या खांबाला मी ती निळी चप्पल खिळ्याने ठोकली आहे. तिने बघितली आणि विचारलं, "ही कुणाची?"

मी तिला सगळं सांगितलं. सांगून होईपर्यंत चार वर्षांच्याने कुंपणातून हात घालून, पावसाने काठापर्यंत चढलेल्या पाण्यावरची हिरवी पानं तोडायचा प्रयत्न केला, आणि आम्ही दोघींनी एकदम त्याचा हात धरला.

मग मी किल्ली दिली.